पलटणीतला विद्यार्थी : फीचा जमाखर्च

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)



बेळगाव हे पलटणीचे गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आपल्याच शहरात आहे. खानापूर, चंदगड, हुक्केरी, निपाणी या बाजूच्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी सैन्यात गेलेले आहे. आपल्या महाविद्यालयातही पहाटे भरतीसाठी मैदानावर धावणारे आणि दहा वाजता वर्गात येऊन बसणारे विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडतील. कन्नड विभागातल्या मित्रांशी बोलताना देखील शेवटी हाच विषय निघतो. भरती झालो तर कॉलेजचे काय? पदवी अर्धवट टाकायची, की नोकरी करता करता पुरी करायची? आणि पुरी करायची तर तिची फी कोणी भरायची?

या प्रश्नाकडे आपण बहुधा भावनेने पाहतो. कोणी म्हणतो, देशसेवा महत्त्वाची, शिक्षण नंतर बघू. कोणी म्हणतो, सरकार सगळे फुकट देते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘फुकट’ या शब्दावर सहसा विश्वास ठेवता येत नाही. प्रत्येक नावे नोंदीला कोठेतरी जमेची नोंद असते, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. तेव्हा सैनिकाच्या फीची दुसरी नोंद कोणत्या खात्यावर पडते, ते शोधण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेचे. कारण सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च या एका विषयावर त्या देशाने १९४४ पासून आजवर कायद्यामागून कायदे केले, चुका केल्या आणि त्या दुरुस्तही केल्या. त्यांच्या जमाखर्चाची वही उलगडून पाहिली, तर आपली वही लिहिणे सोपे जाईल.

आधी युद्ध, मग कॉलेज

२२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचे सरकारी नाव लांबलचक होते, पण लोकांनी त्याला ‘जी. आय. बिल’ हे सुटसुटीत नाव दिले. ‘जी. आय.’ म्हणजे अमेरिकेचा साधा शिपाई. दुसरे महायुद्ध अजून चालू होते. पण ते संपताच लक्षावधी जवान एकदम घरी येणार आणि इतक्या जणांना काम कोठून द्यायचे, ही चिंता सरकारला लागली होती. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची गत लोक विसरले नव्हते. कबूल केलेला बोनस मागण्यासाठी १९३२ साली वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसलेल्या माजी सैनिकांना लष्कर पाठवून हुसकून लावले होते. तो प्रसंग पुन्हा येऊ नये, हा या कायद्यामागचा एक हेतू होता.

कायद्याने सैनिकाच्या कॉलेजला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी देऊ केली. त्या काळी नामवंत खाजगी विद्यापीठाची फीसुद्धा या रकमेत बसत असे. शिवाय पोटापाण्यासाठी अविवाहिताला दरमहा ५० आणि कुटुंब असलेल्याला ७५ डॉलर मिळू लागले. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी या ना त्या प्रकारचे शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. त्यांपैकी सुमारे २२ लाख कॉलेजात गेले. १९४७ साली अमेरिकन कॉलेजांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले, ज्यांच्या घरात कॉलेजचे नावही कोणी काढले नव्हते, ती पदवीधर झाली.

या उजळ चित्राला दोन डागही होते. कायदा सर्वांसाठी एकच असला, तरी त्याची अंमलबजावणी स्थानिक लोकांच्या हाती होती. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या सैनिकांना गोऱ्यांच्या कॉलेजांचे दरवाजे बंदच होते, आणि त्यांच्यासाठी असलेली थोडी कॉलेजे अपुरी पडत होती. कागदावरचा हक्क आणि हातात पडलेला हक्क यांत किती अंतर असू शकते, हे यावरून दिसते. दुसरा डाग पैशाचा. फी परस्पर संस्थेला मिळत असल्यामुळे काही संस्थांनी ती मनमानी लावली. केवळ सरकारी पैशावर डोळा ठेवून नव्या शिक्षणसंस्थाही उभ्या राहिल्या. म्हणून कोरियन युद्धातील सैनिकांसाठी १९५२ साली नवा कायदा झाला, त्यात पद्धत बदलली. अविवाहित सैनिकाच्या हाती दरमहा ११० डॉलर द्यायचे, आणि फी व जेवणखाण त्याने त्यातूनच भागवायचे. संस्थांची मनमानी थांबली, पण महागड्या कॉलेजचा दरवाजा गरीब सैनिकाला पुन्हा जड झाला. पैसा संस्थेला द्यावा की विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. पुढे आपल्या अग्निवीरांचा विचार करताना तो परत आपल्यासमोर येईल.

भरपाई संपली, मोबदला सुरू झाला

इथवरचे सारे सैनिक बहुतांशी सक्तीच्या भरतीचे होते. सरकारने तरुणाच्या आयुष्यातली काही वर्षे घेतली आणि त्याबद्दल शिक्षण दिले. हिशेबाच्या भाषेत ती नुकसानभरपाई होती. १९७३ साली अमेरिकेने सक्तीची भरती बंद केली. आता तरुणाने आपणहून यायचे होते. त्यासोबत शिक्षणाच्या पैशाचा अर्थही बदलला. तो आता नोकरीकडे ओढून आणणारा मोबदला झाला.

हा फरक लगेच ध्यानात आला नाही. १९७७ पासून भरती होणाऱ्यांसाठी सरकारने वर्गणीची योजना काढली. सैनिकाने पगारातून दरमहा काही रक्कम बाजूला टाकायची आणि त्याच्या प्रत्येक डॉलरमागे सरकारने दोन डॉलर घालायचे. सैनिकाची वर्गणी जास्तीत जास्त २,७०० डॉलर. म्हणजे सरकारचे ५,४०० आणि एकूण ८,१०० डॉलर. पण तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढणे नव्या शिपायाला जड जाई. शिकलेले तरुण भरतीला पुरेसे येईनात, तेव्हा ती योजना मागे पडली. १ जुलै १९८५ पासून ‘मॉन्टगोमेरी जी. आय. बिल’ लागू झाले. मिसिसिपी राज्यातील लोकप्रतिनिधी मॉन्टगोमेरी यांच्यावरून हे नाव पडले. त्यात पहिले बारा महिने दरमहा १०० डॉलर, म्हणजे एकूण १,२०० डॉलर सैनिकाच्या पगारातून कापले जात, आणि त्या बदल्यात ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा मासिक भत्ता मिळे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अफगाणिस्तान आणि इराकची युद्धे झाली. त्या पिढीसाठी २००८ साली नवा कायदा झाला आणि तो १ ऑगस्ट २००९ पासून अमलात आला. यात पगारातून कपात नाही. छत्तीस महिने सेवा केलेल्याला पूर्ण लाभ मिळतो : सरकारी विद्यापीठात स्थानिक विद्यार्थ्याला लागणारी सगळी फी, कॉलेजच्या गावातील दराने घरभाडे आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत रक्कम. सेवा कमी तर लाभाची टक्केवारीही कमी. हा लाभही ३६ महिन्यांचा. म्हणजे नऊ महिन्यांचे एक शैक्षणिक वर्ष धरले तर बरोबर चार वर्षांचा.

वर्दी अंगावर असताना

जी. आय. बिलाचा जन्म मुळात घरी परतलेल्या सैनिकासाठी झाला. पण आपला खरा प्रश्न नोकरीत असतानाचा आहे. त्यासाठी अमेरिकेत वेगळी सोय आहे. तिला ‘ट्युइशन असिस्टन्स’ म्हणतात. आपण तिला सरळ ‘फी-साहाय्य’ म्हणू. ही रक्कम सैन्यदल आपल्या अंदाजपत्रकातून थेट कॉलेजला भरते. ड्यूटी संपल्यावर, आपल्या वेळात, आपल्या मर्जीने शिकणाऱ्या सैनिकाला ती मिळते.

तिथल्या कॉलेजात अभ्यासक्रम ‘क्रेडिट’मध्ये मोजतात. एका सत्रात आठवड्याला एक तास चालणाऱ्या वर्गाचे साधारण एक क्रेडिट. बहुतेक विषय तीन क्रेडिटचे असतात आणि पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. फी-साहाय्याची मर्यादा एका क्रेडिटमागे २५० डॉलर आणि वर्षाला ४,५०० डॉलर अशी आहे.

आता पाटी-पेन्सिल घेऊ. ४,५०० ला २५० ने भागले की १८ येतात. म्हणजे पूर्ण दराने फी घेतली तर वर्षाला १८ क्रेडिट, अर्थात सहा विषय. १२० ला १८ ने भागले की उत्तर येते सहा पूर्णांक दोन-तृतीयांश. नुसत्या फी-साहाय्यावर पदवी घ्यायची तर जवळजवळ सात वर्षे लागतील! ‘सैन्यात कॉलेज फुकट’ या वाक्यातला हा पहिला खड्डा. पैसा फुकट आहे, पण तो ठिबकत ठिबकत मिळतो. आणि कॉलेजची फी क्रेडिटमागे २५० डॉलरहून जास्त असली, तर वरची रक्कम सैनिकाच्या खिशातून जाते.

हा काळ कमी करण्याच्या काही वाटा आहेत. सैन्यात घेतलेल्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन अमेरिकन शिक्षण परिषद करते. यंत्रदुरुस्ती, दळणवळण, प्रथमोपचार अशा प्रशिक्षणाला किती क्रेडिट द्यावेत याची ती शिफारस करते आणि कॉलेजची तयारी असेल तर ते पदवीत धरले जातात. दुसरी वाट परीक्षेची. एखादा विषय आपल्याला येतो असे वाटले, तर वर्गात न बसता ठरावीक परीक्षा देऊन त्याचे क्रेडिट मिळवता येतात. सेवेतील सैनिकाची अशा परीक्षेची फी सरकार भरते. या दोन्ही वाटांनी जितके क्रेडिट मिळतील तितकी वर्षे वाचतात.

शिकायचे कोठे, हा प्रश्नही तिथे जुनाच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सैनिकांसाठी टपालाने धडे पाठवणारी संस्था निघाली. १९४९ साली मेरीलँड विद्यापीठाने आपले प्राध्यापक थेट जर्मनीतील अमेरिकन तळांवर पाठवले. संध्याकाळी तळावरच वर्ग भरू लागले. आज हेच काम बरेचसे संगणकावर चालते आणि सत्रेही सैनिकाला झेपतील अशी लहान, पुष्कळदा आठ आठवड्यांची असतात.

आता अटी पाहू. वर्ग सुरू होण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. पदवीच्या विषयात ‘सी’ श्रेणी आणि पदव्युत्तर विषयात ‘बी’ श्रेणी मिळाली नाही, तर त्या विषयाची फी सैनिकाला परत भरावी लागते. मोहिमेवर पाठवल्यामुळे अभ्यास सुटला, तर त्यातून सूट मिळते; पण तशी कागदपत्रे द्यावी लागतात. अधिकाऱ्याने ही मदत घेतली, तर त्याला आणखी दोन वर्षे सेवा देणे बंधनकारक ठरते. पाहा, दुसरी नोंद इथे सापडली. फीच्या नावे नोंदीसमोर सैनिकाचा वेळ, त्याचे गुण आणि कधी कधी त्याच्या आयुष्यातली आणखी दोन वर्षे जमा बाजूला आहेत.

महिन्यांची खतावणी

फी-साहाय्य आणि जी. आय. बिल ही दोन स्वतंत्र खाती आहेत, आणि कोणत्या खात्यातून आधी उचल करायची, यावर सगळे अवलंबून असते. सेवेत असतानाही जी. आय. बिल वापरता येते. पण तसे केले तर ३६ महिन्यांच्या शिलकेतले महिने खर्च होतात आणि घरभाडे मात्र मिळत नाही, कारण सेवेतील सैनिकाच्या राहण्याची सोय सैन्याकडे असतेच. म्हणजे तोच महिना सेवेत खर्च केला तर मुख्यतः फी आणि पुस्तकांपुरता कामाला येतो. निवृत्तीनंतर खर्च केला तर त्यात राहण्याचाही खर्च निघतो.

एक काल्पनिक जवान घेऊ. त्याने चार वर्षे सेवा केली आणि दरवर्षी फी-साहाय्यावर १८ क्रेडिट पुरे केले. चार वर्षांत ७२ क्रेडिट झाले, उरले ४८. नोकरी सोडल्यावर तो पूर्णवेळ कॉलेजात गेला. पूर्णवेळ विद्यार्थी नऊ महिन्यांच्या वर्षात साधारण ३० क्रेडिट करतो. ४८ क्रेडिटला सुमारे १५ महिने लागतील. ३६ मधून १५ वजा जाता २१ महिने शिल्लक राहतात, आणि त्यांत पदव्युत्तर शिक्षण होऊ शकते. त्याच्याच शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्या जवानाने चार वर्षे अभ्यासच केला नाही. त्याचे छत्तीसच्या छत्तीस महिने पदवीतच संपतील. दोघांचा पगार एक, सेवा एक, हक्कही एक. फरक पडला तो रोज संध्याकाळच्या दोन तासांचा.

उरलेले महिने पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे करण्याचीही सोय आहे. मात्र त्यासाठी सहा वर्षे सेवा झालेली असावी लागते आणि पुढे आणखी चार वर्षांची हमी द्यावी लागते. ही सोय सेवेत असतानाच मागावी लागते. घरी आल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

पैशाचा वास

जिथे सरकारी पैसा तिथे दलाल, हे सांगायला अर्थशास्त्र नको. अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी कॉलेजांना एक नियम होता. संस्थेच्या उत्पन्नात सरकारी विद्यार्थी-साहाय्याचा वाटा शेकडा ९० पेक्षा जास्त नसावा. निदान १० टक्के तरी बाहेरून यावेत. हेतू असा की, कोणीतरी स्वतःच्या खिशातून पैसे देण्याइतकी त्या शिक्षणाची किंमत असली पाहिजे. पण सैनिकांच्या फीचा पैसा सरकारीच असूनही ‘बाहेरच्या’ दहा टक्क्यांत धरला जाई! साहजिकच एका सैनिकाकडून दहा डॉलर मिळाले की दुसरीकडून नव्वद सरकारी डॉलर उचलायला वाट मोकळी. मग अशा काही संस्थांनी सैनिकांचा पाठलाग सुरू केला. एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी या प्रकाराला आळा घालणारा हुकूम काढला. ही पळवाट बुजवणारा कायदा २०२१ साली झाला आणि २०२३ पासून लागू झाला.

दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये ‘आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट’ ही देशभर शाखा असलेली संस्था एकाएकी बंद पडली. तिथे शिकणाऱ्या माजी सैनिकांचे महिने खर्च झाले होते आणि पदवी हाती नव्हती. बंद पडलेल्या संस्थांत वाया गेलेले महिने परत देण्याची तरतूद करायला २०१७ चा कायदा यावा लागला. फी दुसरा कोणी भरतो म्हणून कॉलेजची पारख करायची नाही, असे होत नाही. उलट अशा वेळी जास्तच पारख करावी लागते, कारण खिशातून पैसा जात नसल्यामुळे फसवणूक उशिरा कळते.

आपल्याकडे काय?

आता घरी येऊ. आपल्याकडे सैन्य स्वतः पदवीपर्यंत नेते, असा एक जुना मार्ग आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीनंतर गेलेल्या छात्राच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते आणि त्याला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. पण हा मार्ग अधिकाऱ्याचा आणि थोड्यांचा. आपल्या मैदानावर धावणारे बहुतेक मित्र शिपाई म्हणून भरती होणारे आहेत, आणि त्यांच्यापुढे आज अग्निपथ योजना आहे.

१४ जून २०२२ रोजी ही योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस या वयोगटात भरती, चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम सेवेत घेण्याची तरतूद. बाकीच्यांनी घरी यायचे, आणि त्यांना निवृत्तिवेतन नाही. म्हणजे चारांपैकी तीन जण बावीस ते पंचवीस वर्षांच्या सुमारास पुन्हा नोकरीच्या बाजारात उभे राहणार. त्यांच्या हातात पदवी आहे की नाही, हा प्रश्न इथे किती मोठा होतो ते वेगळे सांगायला नको.

पैशाची बाजू अशी. जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले तीस टक्के ‘सेवा निधी’त कापले जातात : अनुक्रमे ९,०००, ९,९००, १०,९५० आणि १२,००० रुपये दरमहा. यांची बेरीज ४१,८५०. तिला बाराने गुणले की चार वर्षांची कपात ५,०२,२०० रुपये होते. तितकीच रक्कम सरकार घालते, म्हणजे १०,०४,४००. व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये अग्निवीराच्या हाती पडतात, आणि त्यावर प्राप्तिकर नाही.

शिक्षणाची बाजू अशी. अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या खास पदवीची घोषणा त्याच जून २०२२ मध्ये झाली. तिचे निम्मे क्रेडिट सैन्यातील कौशल्य-प्रशिक्षणाचे आणि निम्मे अभ्यासविषयांचे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, अशा पायऱ्याही ठेवल्या आहेत. दहावी झालेल्यांसाठी बारावीच्या प्रमाणपत्राची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आहे. अमेरिकेत जे प्रशिक्षणाचे क्रेडिट कॉलेजच्या मर्जीवर मिळतात, ते इथे पदवीच्या आराखड्यातच बसवले आहेत. चार वर्षांच्या सेवेत तीन वर्षांची पदवी बसू शकते, ही मोठी गोष्ट आहे.

पण दोन्ही देशांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक भेद ठळक दिसतो. जी. आय. बिलाचा पैसा शिक्षणालाच बांधलेला असतो. शिकला नाही, तर मिळत नाही. सेवा निधी मोकळा असतो. तो आपलाच निम्मा पैसा आहे आणि त्याचे काय करायचे, ते आपणच ठरवायचे. स्वातंत्र्य म्हणून हे चांगले आहे. पण आपली घरे आपल्याला ठाऊक आहेत. अकरा-बारा लाख रुपये एकरकमी घरात आले की ते हातउसने फेडायला, बहिणीच्या लग्नाला, घरावर स्लॅब टाकायला, विहिरीला लागतात. यातले कोणतेच काम वाईट नाही. तरीही शिक्षण त्या यादीत सहसा शेवटचे असते, कारण ते उधारीसाठी दारात येऊन उभे राहत नाही. १९५२ साली अमेरिकेत पैसा विद्यार्थ्याच्या हाती द्यायचे ठरले, तेव्हाही हीच जबाबदारी विद्यार्थ्यावर आली होती. कायद्याने जे बांधले नाही, ते आपल्याला स्वतःच बांधावे लागते.

आणखी एक फरक आहे. अमेरिकेत कॉलेजची फीच इतकी आहे की, ती भरण्याचे आमिष दाखवून सैन्यात भरती करता येते. आपल्याकडे मुक्त विद्यापीठाची किंवा अनुदानित महाविद्यालयाची फी त्या मानाने पुष्कळ कमी. आपल्याकडच्या मुलाने कॉलेज सोडण्याचे कारण बहुधा फी नसते. तीन वर्षे घरात मिळकत येणार नाही, हे ते कारण असते. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात. सैन्यातील नोकरी हा संधी-खर्च पुसून टाकते : पगार चालू राहतो आणि पदवीही होऊ शकते. म्हणूनच सेवेतली वर्षे अभ्यासाविना घालवणे आपल्या मुलाला अमेरिकन जवानापेक्षाही महाग पडते. चार वर्षांनी परत येऊन कॉलेजात बसायचे, तर पगार बंद झालेला असणार आणि घरच्यांची अपेक्षा वाढलेली असणार.

सही करण्यापूर्वी

भरतीची तयारी करणाऱ्या मित्रांनी धावण्याच्या वेळेबरोबर पुढील पाच गोष्टींचा हिशेबही करावा, असे सुचवावेसे वाटते.

१. आपण आज ज्या वर्षात आहोत, त्याच्या गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र आणि इतर कागद नीट जपून ठेवले आहेत काय? पुढे कोणत्याही विद्यापीठात नाव घालताना हीच पहिली अडचण येते.

२. नोकरीत असताना कोणत्या पदवीला नाव नोंदवता येते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागते, हे लेखी स्वरूपात पाहिले आहे काय? ऐकीव माहितीवर चार वर्षे सोपवू नयेत.

३. फी दुसरा कोणी भरत असेल, तर त्याबदल्यात काय लिहून द्यावे लागते? गुणांची अट, सेवेची अट, मुदतीची अट, यांपैकी कोणती?

४. ज्या संस्थेची पदवी घेणार, ती मान्यताप्राप्त आहे काय? नोकरीच्या जाहिरातीत ती पदवी चालते काय?

५. सेवा निधी हाती येईल त्या दिवशी त्याचा पहिला भाग शिक्षणाच्या खात्यावर वेगळा ठेवायचा, हे घरी आजच बोलून ठेवले आहे काय? पैसा आल्यावर बोलायला उशीर झालेला असतो.

मित्रहो, सैनिकाच्या शिक्षणाला दान म्हणणे चूक आहे आणि त्याला बक्षीस म्हणणेही चूक आहे. त्याने दिलेल्या वर्षांच्या मोबदल्याचा तो एक भाग आहे. पगार वसूल करायला आपण विसरत नाही. पगाराचा हा भाग मात्र मागितला तरच मिळतो आणि वापरला तरच उरतो. ऐंशी वर्षांच्या कायद्यांनी अमेरिकेने फीची सोय केली. संध्याकाळचे दोन तास मात्र कोणताच कायदा जवानाला देऊ शकला नाही. ते त्याचे त्यालाच काढावे लागले.

यंदा आपल्या महाविद्यालयातून जे मित्र मैदान मारून पलटणीत जातील, त्यांना शुभेच्छा. त्यांनी ट्रंकेत एखादे क्रमिक पुस्तकही घालावे, एवढीच विनंती.